वाचकांचे प्रश्न : माळ्यावरच्या कॅसेटी आणि बंद पडलेली निर्मिती संस्था

दूरदर्शनच्या काळात मुंबईत दोन खोल्यांत चालणाऱ्या मालिका-निर्मिती संस्था पुष्कळ होत्या. एक मालक, एक प्रॉडक्शन मॅनेजर, हिशेबाला संध्याकाळी येणारा माणूस आणि कॅमेरा, लाइट, एडिटिंग सगळं भाड्याचं. त्यांतल्या बहुतेक बंद झाल्या. घरोघरी उरलेल्या त्यांच्या कागदांबद्दल आणि टेपांबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. लांब पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची १९८५ ते २००१ या काळात मराठी मालिका आणि अनुबोधपट करणारी छोटी संस्था होती. आता ते नाहीत. माळ्यावर तीन ट्रंका आहेत. नातवंडांसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक भगिनी, गिरगाव)

उत्तर : कॅसेटींना सध्या हात लावू नका, आधी कागद काढा. टेपवर मालिका दिसते, संस्था कशी चालली ते फक्त कागदांत असतं. सगळे कागद वर्षाप्रमाणे लावा, मालिकेप्रमाणे नको. मालिकेप्रमाणे लावलेत तर हाती नुसती यादी येईल. वर्षाप्रमाणे लावलेत तर पैसे कधी अडकले, माणसं कधी कमी झाली, कुठल्या वर्षी दारात कामच नव्हतं, हे समोर येतं.

चार प्रकारचे कागद जपून बाजूला ठेवा. पहिला, दूरदर्शनचं मंजुरीपत्र किंवा करार : त्यात भागांची संख्या, लांबी आणि प्रक्षेपणाचे हक्क किती वेळांचे ते असतं. दुसरा, जाहिरात एजन्सीशी झालेला पत्रव्यवहार आणि बिलं. तिसरा, कॉल शीट. तिच्या पुढच्या बाजूला शिफ्टची वेळ, लोकेशन आणि कलाकार असतात. पण मागची बाजू नक्की पाहा, कारण प्रॉडक्शन मॅनेजर त्या दिवसाचा रोख खर्च (कन्व्हेयन्स, चहा-नाश्ता, जनरेटरचं डिझेल) बहुधा तिथेच टिपून ठेवायचा. दिवसाला खरा किती खर्च आला हे कुठल्याही ताळेबंदापेक्षा तिथे स्वच्छ कळतं. चौथा, एडिटिंग स्टुडिओची बिलं. त्यांवर तारीख, किती तास आणि कुठल्या मशीनवर काम झालं ते लिहिलेलं असतं. पुढे टेप ओळखताना हीच बिलं उपयोगी पडतात.

संस्था कुठल्या प्रकारची होती तेही ठरवा. एकट्याच्या मालकीची असेल तर गुमास्ता लायसन्स सापडेल, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र आणि रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडची नोंद, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी रजिस्ट्रारकडे दरवर्षी भरलेले कागद. हक्कांचा प्रश्न पुढे येतो तेव्हा पहिली चौकशी याचीच होते.

सोबत त्या काळातल्या दूरदर्शनच्या तारखा एका कागदावर मांडून ठेवा. मुंबई दूरदर्शन वरळीहून सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९७६च्या जानेवारीपासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या आणि त्याच एप्रिलमध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. १९८२च्या १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण, ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’चा पहिला भाग आणि त्याबरोबर प्रायोजित मालिकांची पद्धत. आपल्या सासऱ्यांनी १९८५ मध्ये संस्था काढली तो योगायोग नव्हे. त्याआधी मालिका प्रामुख्यानं दूरदर्शनच्या केंद्रातच, केंद्राच्या माणसांकडून आणि केंद्राच्या स्टुडिओत व्हायच्या. बाहेरच्या छोट्या माणसाला दार उघडलं ते प्रायोजकामुळे.

भागांच्या प्रक्षेपणाच्या तारखा कागदांत नसतील तर जुन्या मराठी दैनिकांतले ‘आजचे दूरदर्शन’ छापाचे रकाने पाहा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांत चौकशी करा. आठवड्याचा वार आणि वेळ कळली की तेरा भागांच्या साप्ताहिक मालिकेसाठी तेरा अंक पाहायचे, संपूर्ण वर्ष चाळायचं नाही.

आणि माणसं. दिग्दर्शकाकडे शेवटी जा. आधी प्रॉडक्शन मॅनेजर, मेकअपमन, एडिटिंगला बसणारा असिस्टंट यांना गाठा. “तेव्हाचे दिवस कसे होते?” असं विचारलंत तर तेव्हा फार मजा होती एवढंच उत्तर मिळेल. “गाडी कुठून सुटायची? लाइट कुणाकडून यायचे? पैसे कोण वाटायचं, रोख की चेकनं?” असं विचारा. तासाभरात संस्था उभी राहते.

प्रश्न : जुन्या मालिकेच्या शीर्षकांत ‘निर्माता’ म्हणून दोन वेगवेगळी नावं दिसतात. चूक आहे का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : चूक नाही. दूरदर्शनमध्ये ‘निर्माता’ हे नोकरीतलं पद होतं. कार्यक्रमाची आखणी आणि पुष्कळदा दिग्दर्शनही तोच करायचा, पैसा केंद्राचा असायचा. बाहेरच्या संस्थेचा ‘निर्माता’ म्हणजे पैसा उभा करणारा. बाहेरची मालिका केंद्रामार्फत गेली की दोन्ही नावं येऊ शकतात. इतिहास लिहिताना नावापुढे कंसात ‘केंद्र’ किंवा ‘संस्था’ लिहीत जा, नाहीतर सगळा घोळ होईल.

प्रश्न : प्रायोजित मालिकेत निर्मात्याला पैसे नेमके कुठून मिळायचे? दूरदर्शन पैसे द्यायचं, की घ्यायचं? वडिलांच्या वहीत ‘एफसीटी १२०’ असं जागोजाग लिहिलेलं आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घ्यायचं. यातच त्या काळची सगळी गंमत आणि सगळी जोखीम आहे.

निर्माता मालिका आपल्या खर्चानं करायचा. प्रक्षेपणासाठी दूरदर्शनला टेलिकास्ट फी भरावी लागे. त्या बदल्यात दर भागासोबत जाहिरातीचे ठरावीक सेकंद मिळायचे. तेच एफसीटी, म्हणजे फ्री कमर्शियल टाइम. वडिलांच्या वहीतले १२० म्हणजे १२० सेकंद, म्हणजे दहा-दहा सेकंदांचे १२ स्पॉट. ते जाहिरात एजन्सीमार्फत विकायचे आणि त्यातून फी, एजन्सीचं १५ टक्के कमिशन, निर्मितीचा खर्च भागवून उरेल ते आपलं. एकच मोठी कंपनी सगळे सेकंद घेत असेल तर ती प्रायोजक. नसेल तर चार ठिकाणी फिरून स्पॉट विकायचे.

हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे धरू. हे दर प्रत्यक्षातले नाहीत. दहा सेकंदांचा स्पॉट १०,००० रुपये. बारा स्पॉट विकले, १,२०,००० आले. एजन्सीचे १८,००० गेले. टेलिकास्ट फी ३५,०००. उरले ६७,०००. भागाचा खर्च ५०,०००. हातात १७,०००. आता नऊच स्पॉट विकले गेले असं धरा. आले ९०,०००, कमिशन १३,५००, फी तीच ३५,०००, उरले ४१,५००, म्हणजे भागामागे ८,५०० चा तोटा. फी आणि खर्च तर कमी होत नाहीत. या हिशेबात दहावा स्पॉट विकला की बरोबरी होते. सगळा नफा अकराव्या आणि बाराव्या स्पॉटमध्ये आहे.

म्हणून वडिलांच्या वहीत कथेबद्दल कमी आणि एफसीटीबद्दल जास्त लिहिलेलं असेल, तर त्यांना कलेची कदर नव्हती असं समजू नका. मालिका चालू राहणं त्या दोन स्पॉटवर होतं.

गाडी अडायची ती बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, पायलट, म्हणजे मंजुरीसाठी दाखवायचा नमुन्याचा भाग. तो स्वतःच्या पैशानं करून द्यायचा, मंजुरी येईपर्यंत महिने जायचे आणि नाकारला तर खर्च पाण्यात. दुसरं, स्लॉट, म्हणजे प्रक्षेपणाची ठरलेली वेळ. मंजूर मालिकेची वेळ बदलली किंवा क्रिकेट सामन्यासाठी भाग पुढे ढकलला, की ठरलेल्या वेळेसाठी पैसे देणारा जाहिरातदार हात आखडता घ्यायचा. तिसरं, उधारी. शूटिंगचे पैसे आज रोख जायचे, एजन्सीचा चेक प्रक्षेपणानंतर आरामात यायचा. तेरा भागांच्या मालिकेत पहिला चेक येईपर्यंत पाच-सहा भाग शूट झालेले असायचे. त्या मधल्या काळासाठी बायकोचे दागिने गहाण पडल्याच्या नोंदी अशा वह्यांत सापडतात. त्या सापडल्या तर इतिहासात जरूर लिहा, तो संस्थेच्या भांडवलाचा भाग आहे.

एक फरक लक्षात ठेवा. दूरदर्शन काही कार्यक्रम स्वतः पैसे देऊनही करून घ्यायचं, त्याला कमिशन्ड म्हणतात. तिथे एफसीटीचा प्रश्न नाही, ठरलेल्या बजेटप्रमाणे हप्ते मिळायचे. एकाच संस्थेकडे दोन्ही प्रकारची कामं असू शकतात, म्हणून प्रत्येक मालिकेपुढे प्रकार लिहा. पुढे हक्कांच्या वेळी यावर सगळं अवलंबून आहे.

प्रश्न : आमच्याकडे साठ-सत्तर कॅसेटी आहेत. काही पुस्तकाएवढ्या जाड, काही लहान, काही खूप लांबट. घरच्या व्हीसीआरमध्ये एकही जात नाही. या कसल्या आहेत आणि कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या? एका दुकानदारानं चारशे रुपयांत ‘एमपी फोर’ करून देतो म्हणून सांगितलं. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मोजपट्टी घ्या. साधारण २२ बाय १४ सेंटिमीटर आणि ३ सेंटिमीटर जाड असेल तर ती यू-मॅटिक. आत पाऊण इंची टेप. साधारण साडेपंधरा बाय साडेनऊ असेल तर लहान बीटाकॅम, २५ बाय साडेचौदा असेल तर मोठी बीटाकॅम. दोन्हींत अर्धा इंची टेप. लहान बीटाकॅमची पेटी जुन्या घरगुती बीटामॅक्ससारखीच दिसते, पण रेकॉर्डिंग संपूर्ण वेगळं आहे, बीटामॅक्सच्या मशीनमध्ये घालून काही मिळणार नाही. शूटिंग लहान कॅसेटींवर व्हायचं कारण कॅमेऱ्याला तीच बसायची. मोठी कॅसेट ही बहुधा एडिट केलेली मास्टर. म्हणजे कमी पैशांत कमी टेपा घ्यायच्या असतील तर मोठ्या आधी.

यू-मॅटिकमध्ये लो बँड आणि हाय बँड असे दोन प्रकार आहेत आणि पेटीवरून ते ओळखता येत नाहीत. हाय बँडवरचं रेकॉर्डिंग लो बँड मशीनवर लावलं तर चित्र दिसतं पण रंग येत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात : ‘टेप खराब झाली, कृष्णधवल झाली’ म्हणून कॅसेट फेकून देतात. टेप ठणठणीत असते, मशीन चुकीचं असतं. लेबलावर ‘एचबी’ किंवा ‘बीव्हीयू’ लिहिलं असेल तर ती हाय बँड. नसेल तर एडिटिंगच्या बिलावर मशीनचं नाव पाहा.

आता लेबल कसं वाचायचं. समजा लिहिलंय : ‘भाग ७, मास्टर, २२ मि. ४० से., चॅनल १ मिक्स, चॅनल २ एम अँड ई’. ‘मास्टर’ म्हणजे एडिट पूर्ण झालेली प्रत; ‘रश’ लिहिलं असेल तर कॅमेऱ्यातली कच्ची; ‘टीसी’ किंवा ‘टेलिकास्ट कॉपी’ म्हणजे केंद्राकडे दिलेल्या प्रतीची जुळी. साडेबावीस-तेवीस मिनिटं म्हणजे जाहिरातींसह अर्ध्या तासाचा स्लॉट. चॅनल १ वर पूर्ण आवाज, चॅनल २ वर संवाद सोडून फक्त संगीत आणि इतर आवाज. दुसऱ्या भाषेत डबिंग करायला तो वेगळा ठेवत. म्हणून ट्रान्सफर करताना दोन्ही चॅनल वेगवेगळे घ्यायला सांगा. दोन्ही एकत्र करून घेतले तर संगीत दुप्पट मोठं येईल आणि संवाद दबेल, आणि ते पुन्हा वेगळं करता येणार नाही. मास्टरच्या सुरुवातीला मिनिटभर रंगीत पट्टे आणि शिट्टीसारखा सूर असतो. तो कापू नका. रंग आणि आवाजाची पातळी त्यावरूनच लावतात.

दुकानदाराला, खरं तर कुठल्याही स्टुडिओला, होकार देण्याआधी हे विचारा. मशीन हाय बँड चालवतं का? टाइम बेस करेक्टर आहे का? (हे चित्राची डळमळ सावरणारं उपकरण. तो नसेल तर जुन्या टेपचं चित्र वरच्या कडेला वाकतं आणि कॉम्प्युटर मधल्या फ्रेम गाळतो.) फाइल कुठली देणार? चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (फ्रेमच्या एकाआड एक ओळी दोन फेऱ्यांत) जसं आहे तसं हवं. दहा-बिट अनकम्प्रेस्ड फाइल तासाला सुमारे १०० जीबी होते, २३ मिनिटांच्या भागाला साधारण ३८. एवढी जागा नसेल तर एफएफव्ही१ मागा : काहीही न गमावता ती बरीच लहान होते, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास. एमपी फोर घरात पाहायला ठीक आहे, ती या मोठ्या फाइलवरून केव्हाही होते. उलटं होत नाही. चारशे रुपयांत फक्त एमपी फोर मिळणार असेल तर तो स्वस्तातला सौदा नव्हे, कारण जुनी टेप पुन्हा मशीनवर चढेलच याची खात्री नाही.

यू-मॅटिक चालवताना किरकिर आवाज आला, टेप अडखळली आणि मशीनच्या हेडवर तपकिरी चिकट थर बसला तर लगेच थांबवायला सांगा. टेपवरचा चुंबकीय थर चिकटवणारं रसायन दमट हवेत पाणी शोषून विरघळतं. अशी टेप ५० ते ५४ अंश सेल्सियसला, तापमान अचूक राखणाऱ्या ओव्हनमध्ये आठ तास किंवा जास्त ‘भाजून’ आणि तेवढाच वेळ थंड करून चालवतात. मग ती काही आठवडे चालते, तेवढ्यात ट्रान्सफर उरकायची. घरच्या ओव्हनमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये किंवा केसांच्या ड्रायरनं हे कधीही करू नका. बीटाकॅम एसपीवर वेगळ्या प्रकारची मेटल टेप असते, तिला सहसा याची गरज पडत नाही. कुणी सरसकट सगळ्या टेपा भाजायला निघाला तर त्याच्याकडून कॅसेटी परत घ्या.

फाइलच्या तीन प्रती : दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरात. आणि ट्रान्सफर झाली म्हणून कॅसेटी रद्दीत देऊ नका.

प्रश्न : आजोबांच्या मालिकेत काही प्रसंगांत रंग कडेनं पसरलेले दिसतात, पुढच्याच प्रसंगात चित्र स्वच्छ. एकाच भागात असं का? (एक विद्यार्थिनी, दादर)

उत्तर : टेपवर टेप उतरवण्यामुळे. तेव्हा एडिटिंग म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी करत जाणं. आधी मास्टर टेपवर संपूर्ण लांबीभर काळं चित्र आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळ सांगणारा आकडा) रेकॉर्ड करायचा, मग त्यावर एकेक शॉट ‘इन्सर्ट’ करत पुढे जायचं. दोन्ही मशीन पाच-सात सेकंद मागे जाऊन एकत्र धावत येत आणि ठरल्या फ्रेमला रेकॉर्डिंग सुरू होई.

कॅमेऱ्याची टेप पहिली पिढी, मास्टर दुसरी. आता दोन शॉट एकमेकांत विरघळवायचे (डिझॉल्व्ह) तर ते दोन वेगळ्या प्लेअरवर हवेत. दोन्ही एकाच टेपवर असतील तर एक आधी दुसऱ्या टेपवर उतरवायचा, म्हणजे तो शॉट एक पिढी मागे पडला. आणि एडिट संपल्यावर केंद्रानं सांगितलं की सहाव्या मिनिटाला वीस सेकंदांचा प्रसंग वाढवा, तर सहाव्या मिनिटानंतरचं सगळं पुन्हा लावायचं, किंवा तो सगळा भाग दुसऱ्या टेपवर काढून परत आणायचा. स्टुडिओ तासावर भाड्याचा, त्यामुळे छोटी संस्था दुसरा मार्ग धरायची आणि भागाचा पुढचा सगळा हिस्सा दोन पिढ्या खाली जायचा. यू-मॅटिकवर रंग प्रकाशाच्या मानानं फार कमी तपशिलात साठवले जातात, म्हणून प्रत्येक कॉपीला रंग, विशेषतः लाल, सरकतो आणि पसरतो. साडीचा काठ चेहऱ्यापेक्षा आधी बिघडलेला दिसेल. बीटाकॅमवर प्रकाश आणि रंग वेगळ्या पट्ट्यांवर असल्यानं तिथे झीज कमी.

तेव्हा मालिका पाहताना चित्र अचानक खालावलं ती जागा टिपून ठेवा. तिथे काहीतरी बदल झाला होता. संहितेशी ताडून पाहिलंत तर काय वाढवलं आणि काय गाळलं ते सापडण्याची चांगली शक्यता आहे. ट्रंकेत फ्रेमच्या आकड्यांनी भरलेले तक्ते असतील तर तेही जपा : भाड्याचे तास वाचावेत म्हणून टाइमकोड छापलेल्या व्हीएचएसवर घरी पाहून कागदावर आधी एडिट ठरवत, आणि मग स्टुडिओत फक्त आकडे वाचून दाखवत.

प्रश्न : टेपेच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसते. बुरशी असेल का? (एक वाचक, माहीम)

उत्तर : बहुधा असेल. ती कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका, पुढच्या कॅसेटींना तीच लागण होऊ शकते. बाकीच्यांपासून वेगळी, पिशवीत ठेवा, हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला. कोरड्या खोलीत सिलिका जेलसोबत आठवडाभर सुकू द्या आणि साफसफाई जाणकाराकडूनच करून घ्या. हे काम जुलैत काढू नका. पावसाळ्यात मुंबईची हवा ऐंशी टक्क्यांवर दमट असते, डिसेंबर ते फेब्रुवारी योग्य. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात त्याला आतून घाम येतो. बाकीच्या कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या, पूर्ण रिवाइंड करून ठेवा. तळमजल्यावर, जमिनीलगत तर मुळीच नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेवढा दाखला पुरे.

प्रश्न : वडिलांची १९९३ची तेरा भागांची मालिका मला यूट्यूबवर टाकायची आहे. हक्क आमचे, की दूरदर्शनचे? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : करार पाहिल्याशिवाय कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दिशा मात्र सांगता येते. कायद्याच्या भाषेत व्हिडिओ मालिकाही ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’मध्ये मोडते आणि तिचा कर्ता म्हणजे निर्माता. प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. १९९३ची मालिका २०५३ अखेरपर्यंत. मालिका प्रायोजित असेल, म्हणजे खर्च वडिलांच्या संस्थेनं केला असेल आणि दूरदर्शनला फक्त प्रक्षेपणाचे हक्क दिले असतील, तर तुमची बाजू बळकट. कमिशन्ड असेल, म्हणजे दूरदर्शननं पैसे देऊन करून घेतली असेल, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास पहिला मालक पैसे देणाराच.

संस्था वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल तर हक्क वारसांकडे येतात, सगळ्या वारसांकडे. भावंडांची लेखी संमती घ्या. भागीदारी असेल तर ती मोडताना झालेल्या कागदात मालिकांचं काय ठरलं ते पाहा. बहुतेकदा टेबल-खुर्च्यांची वाटणी लिहिलेली असते आणि मालिकांची नसते, मग दुसऱ्या भागीदाराकडे जावंच लागतं. कंपनी असेल आणि रजिस्टरमधून तिचं नाव काढलं गेलं असेल, तर हक्क कंपनीचेच होते, तुमचे आपोआप होत नाहीत. नाव परत आणण्यासाठी कंपनी न्यायाधिकरणाकडे नाव काढल्यापासून वीस वर्षांच्या आत अर्ज करता येतो. सीए आणि वकील दोघांनाही विचारा.

संगीत वेगळं तपासा. शीर्षकगीत मालिकेसाठी करून घेतलं असेल तर प्रश्न लहान. पार्श्वभूमीला एखादं सिनेमातलं गाणं वाजत असेल तर त्याची परवानगी तेव्हाच्या प्रक्षेपणापुरती असण्याची शक्यता जास्त, आणि यूट्यूब सगळ्यात आधी तेच पकडतं. लेखक आणि कलाकारांना कळवा, श्रेयनामावली कापू नका.

प्रश्न : खासगी वाहिन्या आल्यावर काम वाढलं असेल ना? मग नेमक्या त्याच वेळी एवढ्या छोट्या संस्था का बंद पडल्या? (एक प्राध्यापक, मुलुंड)

उत्तर : काम वाढलं, पण कामाची जात बदलली. झी टीव्ही १९९२ मध्ये, अल्फा मराठी १९९९ मध्ये, ईटीव्ही मराठी २००० मध्ये आली. मराठी माणसाला रोज मराठी मालिका पाहायला मिळू लागली. साप्ताहिक तेरा भागांच्या जागी रोजची, अंत न ठरलेली मालिका आली. वाहिनी भागामागे ठरलेली रक्कम देते, स्पॉट विकायची वणवण संपली. ऐकायला सुखाचं. आता हिशेब बघा.

पुन्हा धरलेले आकडे : भागाचा खर्च एक लाख, महिन्याला २६ भाग, पैसे प्रक्षेपणानंतर ६० दिवसांनी. सुरू होण्याआधी बारा भागांची ‘बँक’, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, तयार हवी. पहिला चेक येईपर्यंत बारा अधिक बावन्न, म्हणजे चौसष्ट भागांचे ६४ लाख अडकले. दरसाल १८ टक्क्यांनी उचललेत तर महिन्याला ९६,००० व्याज. दहा टक्के नफा धरला तर महिन्याला मिळतात २,६०,०००. एक तृतीयांशाहून जास्त व्याजातच गेला. एका महिन्यात चार दिवस शूटिंग रद्द झालं, तरी सेटचं भाडं आणि पगार थांबत नाहीत.

कलाकारांना नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत याच ताणातून घट्ट झाली : वरून उशिरा येणारा पैसा खाली आणखी उशिरा सोडायचा. लाइटदादा, स्पॉटदादा, मेकअप, जेवण, गाडी यांना मात्र थांबवता येत नाही. ज्यांच्याकडे पाठीशी भांडवल होतं ते टिकले. दोन खोल्यांच्या संस्थेकडे ते नव्हतं, आणि बँकेला तारण द्यायला जुन्या मालिकाही चालत नव्हत्या.

त्याहून मोठी गोष्ट मालकीची. प्रायोजित पद्धतीत बुडालो तर आपण बुडायचो, पण मालिका आपली राहायची. वाहिनीच्या करारात सहसा सगळे हक्क वाहिनीकडे जातात. निर्मात्याला फक्त करण्याची मजुरी मिळते. मालिका संपली की पुनःप्रक्षेपणाचं, डबिंगचं, पुढे इंटरनेटवरचं उत्पन्न त्याच्याकडे येत नाही. आमच्या मते छोट्या संस्था संपल्या त्या स्पर्धेनं कमी आणि यानं जास्त. वाईट काळात विकायला हातात काही उरलंच नाही.

प्रश्न : कॅसेटींवरची लेबलं सुटायला आलीत. नवीन चिकटवू का? (गिरगावच्याच वाचक भगिनी)

उत्तर : जुनं लेबल काढू नका. आधी कॅसेटीच्या सगळ्या बाजूंचा, पेटीचा आणि आतल्या कागदाचा फोटो घ्या. सुटलेलं लेबल पारदर्शक पाकिटात घालून त्याच पेटीत ठेवा. सेलोटेप लावू नका, तिचा गोंद दोन पावसाळ्यांत वितळतो. पेटीच्या पाठीवर पेन्सिलनं ००१ पासून क्रमांक घाला आणि तोच क्रमांक वहीत. फाइललाही तोच. एक शेवटचं काम : यू-मॅटिकच्या पेटीखाली लाल बटण असतं, ते असलं तर त्यावर पुन्हा रेकॉर्ड होऊ शकतं. ते काढून टाका. बीटाकॅमवर लाल पट्टी सरकवायची असते. ट्रान्सफरला पाठवण्याच्या आदल्या रात्री एकेक कॅसेट हातात घेऊन हे तपासा.